ओटिलियाने सोडलेली रांग

तिसरी नदी ओलांडून झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ओटिलियाने कमरेचं कापड पिळलं, अळूच्या कंदांनी भरलेली झोळी पाठीवर टाकून तिचा पट्टा पुन्हा कपाळावर चढवला आणि मागे वळून न बघताच विचारलं, "सिस्टर, आलीस की वाहून गेलीस?"

"आले. एक चप्पल गेली."

"मग दुसरीही दे सोडून. एकटी राहून ती काय करणार?"

सिस्टर म्हणजे उरिम्बोच्या दवाखान्यातली नर्स. सतरा वर्षांपूर्वी भारतातून आली ती पापुआच्या या डोंगरांतच राहिली. गावातल्या बायकांची बाळंतपणं ती करायची आणि कुणाला पत्र आलं, अर्ज करायचा झाला, तर वाचणं-लिहिणंही तिच्याचकडे. आज मात्र ती ओटिलियाची सोबत म्हणून निघाली होती. पहाटे अंधारात गाव सोडलेलं. अजून एक डोंगर, मग लाकूडतोड्यांचा लाल रस्ता, आणि सूर्य बुडायच्या आत किनाऱ्यावरचं बिशपांचं घर. उद्या सकाळी तिथे बिशप आणि पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीचे फादर एकत्र बसणार होते. एकदा ते उठले की विषय संपला. पाद्री व्हायला निघालेल्या ब्रदर क्लेमेन्सला गुरुदीक्षा नाही म्हणजे नाही.

आणि ती मिळू नये असं घडलं होतं ओटिलियामुळे.

हे तिला गुरुवारी कळलं. ती मागच्या अंगणात शिंपल्याने रताळी सोलत होती. लेक आली, पोटुशी, धापा टाकत, आणि उभ्याउभ्याच ओरडली, "आई, तू काय केलंस गं हे?"

"काय केलं? काहीच केलं नाही."

"काहीच केलं नाहीस, तेच तर! बिशपांचं पत्र आलंय. धाकट्या दिराला घरी पाठवतायत. लिहिलंय, गावातल्या बायकांना हा माणूस नको आहे. बायकांच्या प्रमुख बाईने फादरांकडे पाठ फिरवली. बायकांची प्रमुख कोण आहे?"

ओटिलियाच्या हातातला शिंपला गळून पडला. बायकांच्या संघाची प्रमुख गेली अकरा वर्षं तीच होती.

तिच्या लेकीचा नवरा योहान आणि ब्रदर क्लेमेन्स हे सख्खे भाऊ. उरिम्बोत जावयाचा भाऊ हा जावईच असतो. आणि सासू जावयाच्या वाटेत येत नाही. त्याच्यासमोर बसून खात नाही, त्याच्या डोळ्यांत बघत नाही, त्याचं नाव तर जिभेवरही आणत नाही. तोही तिचं घेत नाही. त्यात राग नाही, एकमेकांची भीती नाही. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू जशी कुणी रोज हाताळत नाही, तसं ते आहे. जी सासू जावयाशी ऐसपैस गप्पा मारते तिला बायका नदीवर हसतात.

म्हणून गेल्या वर्षी सेमिनरीने त्याला वर्षभराच्या अनुभवासाठी नेमका उरिम्बोला पाठवला, तेव्हा ओटिलियाला आनंद झाला आणि तिचे हालही सुरू झाले. तो देवळाकडून आला की ती केळीच्या मागे. तो विहिरीवर असला की ती लांबून ओढ्यावर. त्याचं घर तिच्या घरापासून चाळीस पावलांवर, पण वर्षभरात तिने त्याचा चेहरा समोरून पाहिला नाही. मात्र त्याच्या ताटातला प्रत्येक कंद तिने उकडलेला होता. नारळाच्या दुधात, वर हिरवा पाला घालून. लेकीच्या हाती पाठवायची आणि सांगायची, "मी केलं म्हणून सांगू नकोस."

"त्यांना माहितीये, आई. माझ्या हातचं काय त्यांना ओळखू येत नाही?" लेक हसायची. "काल म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला अचानक चव कशी आली?"

वर्ष संपता संपता सेमिनरीहून फादर झिग्मुन्त आले. ते या देशात नवे, जेमतेम वर्ष झालेलं. उंच, लाल नाकाचे, दुखऱ्या गुडघ्याचे. माणूस भला होता. गावात तीन दिवस राहिला, प्रत्येकाच्या घरी जाऊन बसला, दिलेलं सगळं खाल्लं, साबुदाण्याचा चिकट गोळासुद्धा. त्याच्याजवळ छापील कागद होते. प्रार्थना कशी करतो, अभ्यास कसा, स्वभाव कसा, लोकांमध्ये कसा वागतो, अशी चार खणांची पानं. आठ वर्षं शिकवून माणूस पाद्री व्हायला तयार झाला की नाही, ते त्या चार खणांत भरायचं. गावातल्या पुरुषांनी भरभरून सांगितलं. ब्रदर छान गातो, ब्रदर जनरेटर दुरुस्त करतो.

मग रविवार आला. मिस्साच्या उपासनेच्या वेळी फादरांचा गुडघा आखडला, ते खुर्चीत बसून राहिले आणि कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला दोघांना पुढे केलं, म्हातारे धर्मशिक्षक बोनिफास आणि ब्रदर क्लेमेन्स. एरवी वर्षभर बोनिफास बायकांच्या बाजूला उभे राहत आणि ब्रदर पुरुषांच्या. न सांगता बसलेली घडी होती ती. त्या दिवशी फादर हळूच म्हणाले, "ब्रदर, आज तू बायकांच्या बाजूला थांब."

ब्रदर थबकला. पण सेमिनरीत त्याला आठ वर्षं हेच शिकवलं होतं, सांगितलं की करायचं. तो येऊन उभा राहिला.

बायकांच्या रांगेत पहिली ओटिलिया. तिने खाली पाहत चालता चालता ओळखीचे बोनिफासचे तुटके बूट दिसायची वाट पाहिली, आणि दिसले स्वच्छ काळे बूट. जावयाचे. क्षणभर ती तिथेच खिळली. मग तोंडावर हात धरून वळली आणि पुरुषांच्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली.

तिच्यामागे चाळीस बायका होत्या. प्रमुख जिथे जाते तिथे बायका जातात. एकामागून एक चाळीसही वळल्या. ब्रदरच्या समोर फक्त रिकामी जमीन उरली. तो हातातलं पात्र धरून तसाच उभा राहिला आणि खुर्चीतून फादर झिग्मुन्त ते बघत राहिले.

दुपारी फादर ओटिलियाच्या अंगणात आले. हळू आवाजात, अगदी माया करून विचारलं, "आई, ब्रदर क्लेमेन्सबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?" ती गप्प. "घाबरू नका. क्लेमेन्सबद्दल काहीही सांगा, माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही." ती गप्प. "'क्लेमेन्स', एवढं नुसतं नाव घेऊन, चांगला की वाईट, एवढं तरी सांगा." तिसऱ्यांदा नाव निघालं तेव्हा तिला इतकं लाजल्यासारखं झालं की ती उठली, पाठ फिरवून घरात गेली आणि चुलीपाशी बसून राहिली. मनात म्हणाली, काय हे, एवढे शिकलेले, आणि सासूसमोर जावयाचं नाव तीनतीनदा!

"अगं पण तेव्हाच सांगायचं ना त्यांना," सिस्टर आता डोंगर चढता चढता म्हणाली, "की तो माझा जावई लागतो म्हणून?"

"कोण तो?"

"तोच."

"तोच म्हणायला तरी त्याच्याकडे बोट करायला नको का? आणि मला काय ठाऊक, फादरना हे माहीत नाही ते! आठ वर्षं त्या सेमिनरीत शिकवतात काय? देव तीन आहेत की एक आहे, याच्यावर दोन वर्षं घालवतात, बोनिफास सांगत होता. मग सासू म्हणजे काय, याला एक दुपार मिळाली नाही?"

सिस्टरला हसू आलं आणि तिने ते दाबलं नाही. ओटिलियाही हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मी ठरवून आलेय. उद्या नाव घेणार. बिशपांच्या समोर, एकदाच. घरी गेल्यावर जावयांना डुक्कर देईन, माफी मागेन. पण घेणार."

"जमेल?"

"न जमायला काय झालं? शब्दच आहे."

वर धबधबा होता. पाण्याचा आवाज एवढा की शेजारी बोललेलंही ऐकू येऊ नये. ओटिलिया थांबली. "इथे सराव करते. कुणी ऐकणार नाही. तू कान झाक."

सिस्टरने कान झाकले. ओटिलियाने झोळी खाली ठेवली, पाण्याकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला. ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. बराच वेळ गेला. मग ती वळली. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा पोर चोरी करताना सापडावं तसा.

"झालं?"

"घशातच राहिलं."

"पुन्हा बघ."

"लेक पोटुशी आहे गं," ती पुटपुटली. "मी नाव घेतलं आणि तिच्या बाळाला काही झालं तर?"

सिस्टरने वाद घातला नाही. तिची स्वतःची आजी दाराशी तांदूळ निवडत बसायची आणि पोस्टमनने नवऱ्याचं नाव विचारलं की शेजारच्या पोरीला हाक मारायची. तिने फक्त झोळी उचलून दिली.

डोंगराच्या माथ्यावर दोघी सुपारी फोडायला बसल्या. ओटिलियाने चुन्याची डबी काढली आणि उद्याचं बोलणं मांडायला लागली. "मी सांगेन, तो आळशी नाही. गर्विष्ठ नाही. पत्रात तसंच असेल ना काहीतरी? बायकांना नको म्हणजे काय, तोंडाळ वाटला असेल त्यांना."

सिस्टरचा हात थांबला. पत्र तिनेच वाचलं होतं. योहानने रडत रडत आणून दिलं होतं आणि तिने घरच्यांना अर्थ सांगितला होता, पण थोडा गाळून. लेक पोटुशी म्हणून.

"आई," ती म्हणाली, "तुला कळलंच नाही वाटतं. पत्रात आळशी नाही लिहिलेलं."

"मग?"

"लिहिलंय, गावातल्या सगळ्या बायका त्याच्याजवळ जायला घाबरतात. त्याच्या हातून कम्युनियनही घेत नाहीत. त्यांच्या प्रमुख बाईला तीनदा विचारलं, पण तिला तोंड उघडवेना. याच्या मागे काहीतरी झालेलं असणार. हल्लीच्या दिवसांत अशा गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही."

"काहीतरी म्हणजे?"

सिस्टरने दूर समुद्राकडे पाहिलं. "म्हणजे त्याने बायकांच्या अंगाला हात लावला असेल. कुणावर जबरदस्ती केली असेल. असं."

ओटिलिया हसली. खरंच हसली, कारण ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही. मग हसणं मध्येच तुटलं. चुन्याची डबी हातातून सुटून उतारावरून गडगडत गेली, तिने बघितलंही नाही. ती जमिनीवर दोन्ही हात टेकून ओणवी झाली आणि खाल्लेली सुपारी ओकली. लाल थुंकी दगडावर पसरली. सिस्टरने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझ्यामुळे?" ती म्हणाली. "मी मान दिला म्हणून?"

"फादरना वाटलं तू घाबरलीस."

"त्याला विचारलं नाही कुणी? त्याने सांगितलं नाही?"

"विचारलं. त्या बाईचं आणि तुझं काय आहे, असं विचारलं. त्याने मान खाली घातली. बोलला नाही. तेही लिहिलंय पत्रात."

ओटिलियाने डोळे मिटले. तो बोलेल कसा? त्यालाही तिचं नाव घेता येत नव्हतं. आणि वरच्याने विचारलं तर मान खाली घालायची, हे तर त्याला आठ वर्षं शिकवलेलं.

"पण फादरांच्या मनात आलं तरी कसं असलं?" तिचा आवाज फाटला. "पाद्र्याबद्दल? असं कुठे होतं?"

"होतं, आई. त्यांच्या देशात झालं. बऱ्याच देशांत झालं. बायका, पोरं गप्प राहिली आणि कुणी विचारलं नाही, का गप्प आहात. फादर झिग्मुन्त म्हणूनच विचारत फिरतात. पाठ फिरवलेली बाई दिसली की त्यांना झोप लागत नाही."

साठ वर्षं ओटिलिया देवळात जात होती. मिस्साची वस्त्रं धूत होती, पाद्र्यांना कंद उकडून घालत होती. तिच्या पायाखालचा डोंगर कुणीतरी हलवला होता. फादरवर रागवावं, तर तो माणूस बायकांसाठीच जागत होता. स्वतःवर रागवावं, तर तिने आईने शिकवलं तेच केलं होतं. राग ठेवायला तिला जागाच सापडेना.

"चल," ती शेवटी म्हणाली. "उन्हं उतरतायत."

लाल रस्त्यावर उतरल्यावर ती आपणहून बोलायला लागली. "माझा भाऊ होता, अलोइस. तुला नाही माहीत, तू यायच्या आधीच गेला. तोही सेमिनरीत होता. गोऱ्या पाद्र्यांच्या काळात. तेराव्या वर्षी नेला. सहा वर्षं ठेवला. मग एक दिवस ट्रकमधून आणून सोडला, पेटीसकट. का, ते सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. बापाला वाटलं, काहीतरी केलं असेल, विचारून लाज कशाला काढायची? गावालाही तसंच वाटलं. त्याला लॅटिनमध्ये गाता यायचं, पण अळू लावता यायचं नाही. हात पावासारखे मऊ. मुलगी कुणी दिली नाही. ओट्यावर बसायचा. बावीस वर्षं ओट्यावर बसला आणि तिथेच गेला."

"तुलाही कळलं नाही, का पाठवला ते?"

"मेल्यावर कळलं. एक म्हातारा पाद्री आला होता, तो म्हणाला, त्या वर्षी धान्य कमी पडलं होतं, म्हणून दहा पोरं घरी पाठवली. अक्षरांच्या क्रमाने यादी लावली आणि वरची दहा नावं काढली. एवढंच कारण." ती थुंकली. "आणि आम्ही बावीस वर्षं त्याने काय पाप केलं ते शोधत होतो."

सिस्टरने चालता चालता ओटिलियाची झोळी आपल्या पाठीवर घेतली, आणि ओटिलियाने, आयुष्यात पहिल्यांदा असेल, ती घेऊ दिली.

"मी खोटं नाही सांगणार उद्या," थोड्या वेळाने ती म्हणाली. "सगळं चांगलंच आहे म्हणून नाही सांगणार. आला तेव्हा तो काही कामाचा नव्हता. म्हातारी वालबुर्गा गेली, आठवतं? आम्ही रडत होतो, प्रेताभोवती, मोठ्याने, रडतात तसं. हा पुस्तक घेऊन आला आणि हात वर करून म्हणाला, शांत व्हा, आपण प्रार्थना करू. शांत व्हा! मेलेल्या बाईसमोर! हा आला म्हणून मी भिंतीमागे गेले होते, मला वाटलं, जमीन दुभंगावी. पुस्तक वाचलं, पाणी शिंपडलं, गेला. दहा मिनिटं."

"सेमिनरीत तसंच शिकवतात."

"तेच तर सांगायचंय. मग पावसाळ्यात कॉर्नेलियाचं पोर बुडालं. तेव्हा आला तो पुस्तक न घेता. दारात उभा राहिला, मग चिखलात बसला, कॉर्नेलियाच्या नवऱ्याशेजारी. कपाळाला चिखल लावला आमच्यासारखा. एक शब्द बोलला नाही. रात्र सरली, सकाळ झाली, तो तिथेच. मी फटीतून बघत होते. तिसऱ्या दिवशी कॉर्नेलियाच म्हणाली, ब्रदर, आता तुमची प्रार्थना म्हणा. तेव्हा म्हणाला." ओटिलियाने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "आठ वर्षांत तिथे कुणी शिकवलं नव्हतं ते त्याला इथे चिखलात कळलं. त्यांच्या चार खणांत हे कुठे बसतं, ते त्यांचं त्यांनी बघावं. वर्षभर सगळ्यात जास्त मी बघितलंय त्याला. लपून बघणाऱ्याला जास्त दिसतं."

बिशपांच्या घराच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा समुद्राकडचं आभाळ तांबडं झालं होतं. आवारातल्या स्वैपाकीणबाईने दोघींना पाणी दिलं, पायांकडे बघून "अगं बाई!" म्हणाली आणि लगेच बातमीही दिली. फादर झिग्मुन्त आलेत. बाकीचे आलेत. ब्रदर क्लेमेन्सही आलाय, मागच्या खोलीत आहे, दुपारपासून जेवला नाही. बिशप म्हणालेत, उरिम्बोहून कुणी बाई आली तर तिला उद्या नको, आत्ताच आत पाठवा.

"आत म्हणजे कुठे?" ओटिलियाने विचारलं.

"मोठ्या खोलीत. सगळे तिथेच आहेत. ब्रदरलाही बोलावतायत."

ओटिलिया गारठली. एकाच खोलीत. समोरासमोर. तिने खिडकीकडे पाहिलं. आत दिवा लागला होता आणि पडद्यावर माणसांच्या सावल्या हलत होत्या. एक सावली उंच, पाय ओढत चालणारी. त्या सावलीला आज आपण काय सांगणार आणि ते तिला कळेल का, देवालाच ठाऊक.

तिने ओठ हलवून पाहिले. पुन्हा एकदा. सिस्टरने दुसरीकडे तोंड केलं. काहीच ऐकू आलं नाही.

मग ओटिलियाने तिचा हात धरला. सकाळपासून पहिल्यांदा तिने सिस्टरच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"मी खोलीत नाही येणार," ती म्हणाली. "दाराबाहेर उभी राहीन, तूही बाहेरच माझ्यासमोर थांब; तुझ्याकडे तोंड आणि त्याच्याकडे पाठ करून. पहिल्यांदा हे सांग, की ही पाठ म्हणजे काय आहे. फादरना नीट सांग, रागावून नको. मग मी बोलेन, सगळं बोलेन, वालबुर्गाचंसुद्धा. फक्त जिथे नाव येईल तिथे मी थांबेन."

"बरं."

"तिथे तू घे. दर वेळी घे. आणि मोठ्याने घे गं, सिस्टर. माझ्या भावाचं कुणी घेतलं नव्हतं."